धरण चोखोबांच्या नावाचं, पाणी कुणाचं?

देऊळगाव राजात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'महापुरुष' नावाचं एक फोल्डर आहे. शिवाजी महाराज, जिजाऊ, महात्मा फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब. सगळे फोटो मोठ्या साइजचे, बॅकग्राउंड काढून तयार ठेवलेले. कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता आला की आधी ही ओळ वर लावायची. त्याखाली नेत्यांचे फोटो, मग चिन्ह, आणि सगळ्यात खाली पंधरा-वीस 'शुभेच्छुक'. वरच्या ओळीवरून आजवर कुणी वाद घातला नाही. भांडण नेहमी खालचं. कुणाचा फोटो मोठा, कुणाचा डावीकडे, कुणाचा काढून टाकायचा.

२०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली, तेव्हा तर आठवड्यात तीनदा फाइल बदलावी लागली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात पुन्हा बदलली. एक ओळखीचा कार्यकर्ता खुर्चीवर बसून मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "वरची लाइन तीच ठेव भाऊ, खाली साहेब बदल."

तो गमतीत बोलला. मला मात्र ते वाक्य काही केल्या विसरता येईना. महाराष्ट्रातल्या स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांचं अख्खं राजकारण त्यात आलं, असं मला वाटतं.

या पक्षांमध्ये सध्या 'पुढची दिशा काय' यावर बरीच चर्चा चालते. शिबिरं होतात, चिंतन बैठका होतात, यूट्यूबवर दोन-दोन तासांच्या मुलाखती येतात. मी त्यातलं पुष्कळ ऐकतो, कारण छपाईचं मशीन चालू असताना दुसरं काही करता येत नाही. प्रत्येक वेळी 'दिशा' या शब्दाचा अर्थ एकच निघतो. कोणासोबत जायचं? काँग्रेससोबत की स्वतंत्र? या पवारांसोबत की त्या? ठाकरेंसोबत की आणखी कुणासोबत? कशासाठी जायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की हा विरोधकांचा माणूस आहे.

मी बारावीला असताना पहिल्यांदा १२ जानेवारीला सिंदखेड राजाला गेलो. आमच्या गावापासून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. जिजाऊंचं जन्मगाव. त्या दिवशी तिथे माणसांचा समुद्र असतो, आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात, ओळीनं. आमच्या घरात तोवर पंचांग आणि शाळेची पुस्तकं सोडून काही नव्हतं. त्या स्टॉलवरून मी स्वतःच्या पैशानं पहिलं पुस्तक घेतलं. जात म्हणजे काय, इतिहास कोण लिहितो, आपल्या आजीला शाळा का मिळाली नाही, हे प्रश्न मला तिथे भेटले. ते उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच राग आहे. परक्यावर एवढा राग येत नाही.

आता आमच्या जिल्ह्याचाच हिशेब मांडतो.

मराठा सेवा संघ १९९० चा. संभाजी ब्रिगेड त्याच घरातली. संस्थापक पुरुषोत्तम खेडेकर आमच्याच बुलढाणा जिल्ह्याचे. ब्राह्मणी वर्चस्वाच्या विरोधात या संघटनेनं जेवढी आग ओकली, तेवढी कुणी ओकली नसेल. २०१६ मध्ये ब्रिगेड राजकीय पक्ष झाली. २०१९ ची विधानसभा लढवली, हाती काही लागलं नाही. मग २०२१ मध्ये खेडेकरांनी संघाच्या 'मराठा मार्ग' मासिकात लेख लिहून भाजपसोबत युतीचा पर्याय मांडला. ज्यांच्याविरुद्ध बोलायला आम्हाला शिकवलं, त्यांच्यासोबत. वर्षही धड झालं नाही, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ब्रिगेडची युती उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेशी जाहीर झाली. ज्या शिवसेनेला आयुष्यभर टोमणे मारले, तिच्याशी.

युती करणं पाप नाही. राजकारणात माणसं जवळ येतात, दूर जातात. माझा प्रश्न साधा आहे. भाजपसोबत जाऊन जे करायचं होतं आणि ठाकरेंसोबत जाऊन जे करायचं होतं, ते एकच होतं का? असेल तर ते काय होतं? नसेल तर वर्षभरात उद्दिष्ट कसं बदललं? १२ जानेवारीला येणाऱ्या लाखो माणसांना हे कुणी समजावून सांगितलं नाही. सांगायची गरजही वाटली नाही.

दुसरं उदाहरण आमच्या सिंदखेड राजा मतदारसंघाचं. डॉ. राजेंद्र शिंगणे इथून अनेकदा निवडून आले, मंत्री झाले. पक्ष फुटल्यावर ते अजित पवारांसोबत गेले आणि २०२४ च्या निवडणुकीआधी शरद पवारांकडे परतले. जाताना त्यांनी जिल्हा बँकेला सरकारी मदत मिळावी हे कारण जाहीरपणे सांगितलं होतं. मी त्यांचा समर्थक नाही, पण हे कारण मला निदान कारण तरी वाटलं. बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँक बसली तेव्हा आमच्या भागातल्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडलं, हे खरंच आहे. मग त्या बँकेवर चर्चा व्हायला हवी होती. बँक कुणी बुडवली? मदतीचं पुढे काय झालं? छोट्या शेतकऱ्याला पीककर्ज कुठून मिळणार? चर्चा झाली ती फक्त 'गद्दार की निष्ठावान' यावर. शेवटी २०२४ मध्ये अजित पवार गटाचे मनोज कायंदे पाच हजारांपेक्षा कमी मतांनी जिंकले. तेही महायुतीतले दोघं एकमेकांविरुद्ध उभे असताना.

तिसरं उदाहरण त्याच वर्षीच्या लोकसभेचं. प्रतापराव जाधव २९ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. दुसऱ्या दिवसापासून सगळे पुरोगामी विश्लेषक कॅल्क्युलेटर घेऊन बसले. वंचितच्या उमेदवाराला लाखाच्या जवळ मतं, म्हणजे वंचितमुळे पडले. रविकांत तुपकरांना जवळपास अडीच लाख मतं, म्हणजे तुपकरांमुळे पडले. अहो, पण एक माणूस मोठ्या पक्षाच्या चिन्हाशिवाय उभा राहतो, सोयाबीन-कापसाच्या भावावर बोलतो आणि अडीच लाख मतं घेतो, याचा अर्थ काय, हे कुणी विचारलं? त्या निवडणुकीआधीच्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव ४,६०० रुपये होता आणि बाजारात माल त्याहून कमी भावानं जात होता. लोकांनी त्या फरकाला मत दिलं होतं. तुम्ही त्याला 'मतविभाजन' म्हणालात.

गेल्या वर्षी मी एका पक्षाच्या तालुका बैठकीला गेलो होतो. पक्षाचं नाव सांगत नाही, कारण तो कुठलाही असू शकला असता. बॅनर माझ्याच दुकानातला होता, पैसे अजून यायचे आहेत. विषय होता 'पक्षाची पुढील वाटचाल'. तीन तास बैठक चालली. वरून आलेल्या पाहुण्यांनी संविधानावर चांगलं भाषण केलं. मग आघाडीत किती जागा मागायच्या यावर दीड तास गेला. शेवटी मागच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "ते समदं ठीक आहे, पण आमच्या तलावात पाणी कवा येईन ते सांगा."

पाहुणे हसले. वाईट हसले नाहीत, प्रेमानं हसले. म्हणाले, "बाबा, तो स्थानिक विषय आहे. त्यावर नंतर बोलू."

मी तिथेच बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

तो 'स्थानिक विषय' काय आहे, ते आता सांगतो.

आमच्या तालुक्यात देऊळगाव महीजवळ खडकपूर्णा नदीवर मोठं धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव संत चोखामेळा सागर. नाव उगाच दिलेलं नाही. चोखोबांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या मेहुणा राजाचा, अशी परंपरा आहे. ज्या माणसाला विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही, ज्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीजवळ आहे, मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना जो त्या भिंतीखालीच गेला, त्या माणसाचं नाव एवढ्या मोठ्या पाण्याला मिळालं. याहून पुरोगामी नाव कुठल्या धरणाला असेल?

आणि याच तालुक्यात २०२५ च्या मार्चमध्ये, होळीच्या दिवशी, एका तरुण शेतकऱ्यानं आपलं आयुष्य संपवलं. राज्य सरकारचा पुरस्कार मिळालेला शेतकरी. त्याची मागणी होती की खडकपूर्णेचं पाणी आमच्या भागातल्या तलावांत सोडा. त्यासाठी तो आधी उपोषणालाही बसला होता. आश्वासन मिळालं, पाणी मिळालं नाही. पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात, पाणी पूर्णेतून खाली येलदरीकडे जातं, आणि धरणाच्या उशाशी असलेल्या गावांत उन्हाळ्यात विहिरी कोरड्या.

त्या आठवड्यात माझ्याकडे श्रद्धांजलीच्या फ्लेक्सच्या ऑर्डरी आल्या. वेगवेगळ्या पक्षांच्या. त्यांतही वरची ओळ तीच होती. मी छापले. उपोषण चालू होतं तेव्हा मात्र मी तिकडे फिरकलो नव्हतो, आणि आता हे लिहिताना त्याची लाज वाटते. माझ्यासारखे, पुस्तकं वाचलेले, स्टेटसला बाबासाहेबांचा फोटो ठेवणारे शेकडो तरुण या तालुक्यात आहेत. आम्ही सगळे त्या वेळी कुठे होतो? 'महाविकास आघाडीचं भवितव्य' यावर ग्रुपमध्ये भांडत होतो.

पाणी हा 'स्थानिक विषय' आहे म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. फ्लेक्सवरची वरची ओळ नीट बघा. ती सगळी पाण्याची माणसं आहेत.

फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात जातीवर जेवढं आहे तेवढंच शेतावर आहे. रिकाम्या बसलेल्या शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्या, पावसाचं पाणी आणि माती शेतातच मुरू द्या, असं तो माणूस तेव्हा सरकारला सांगत होता. शाहू महाराजांनी आरक्षण दिलं हे आपल्याला पाठ आहे, पण राधानगरी धरणाचं कामही त्यांनीच सुरू केलं. आणि बाबासाहेब? २० मार्च १९२७ ला महाडला ते काय करायला गेले होते? पाणी प्यायला. त्याच्या चार वर्षं आधी, १९२३ मध्ये, सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले म्हणून. महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर पाणी सगळ्यांचं होतं. प्रत्यक्षात ओंजळ भरायला हजारो माणसांना चालत जावं लागलं, आणि वर मार खावा लागला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळताना दामोदर खोऱ्यासारख्या प्रकल्पांचा पाया घालण्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा होता.

म्हणजे आपल्या विचारांची सुरुवातच 'हे पाणी कुणाचं' या प्रश्नातून झाली. आज चोखोबांचं नाव धरणाला आहे, तोही एक कागदी ठरावच आहे. ओंजळ अजून भरायची आहे.

'पक्षाची दिशा' यावर महाराष्ट्रात गंभीर वाद झालेच नाहीत असंही नाही. १९५० मध्ये शेतकरी कामगार पक्षानं नाशिक जिल्ह्यातल्या दाभाडीला आपला प्रबंध मंजूर केला. आज तो वाचणारे कमी, पण त्याचा विषय बघा. शेतकऱ्यांमधला वर्गभेद काय, आपण कुणाच्या बाजूचे, काँग्रेस कुणाच्या बाजूची, मार्क्सवाद स्वीकारायचा की नाही. त्यावर भांडणं झाली, माणसं तुटली. शंकरराव मोरे, केशवराव जेधे हे संस्थापकच पुढे काँग्रेसमध्ये परतले. दाभाडी प्रबंधात चुका असतील. पण ते भांडण 'कशासाठी' यावरचं होतं.

त्याच पक्षाचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. सांगोला म्हणजे दुष्काळ. त्या माणसाकडे पैसा नव्हता, जातीचं मोठं गणित नव्हतं, बहुतेक काळ सत्ताही नव्हती. त्यांच्याकडे एक विषय होता. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी आटपाडीला पाणी परिषदा घेतल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथे वर्षानुवर्षं जमत राहिली. त्यांची मागणी नुसती 'आम्हाला पाणी द्या' एवढी नव्हती. पाणी जमिनीच्या हिशेबानं न वाटता कुटुंबाच्या हिशेबानं वाटा, भूमिहीनालाही हिस्सा द्या, असं ते म्हणत होते. याला समन्यायी पाणीवाटप म्हणतात. त्याआधी पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखेंच्या पाणी पंचायतीनं हेच माणशी वाटपाचं तत्त्व वापरून दाखवलं होतं.

आता विचार करा. भूमिहीनाला पाण्याचा हिस्सा. यात जात आली, वर्ग आला, बाई आली, शेती आली. फुले, शाहू, आंबेडकर तिघंही आले. महाराष्ट्रातल्या पुरोगाम्यांनी जगाला दाखवावी अशी ही कल्पना आहे, आणि आज एकाही पक्षाच्या चिंतन बैठकीत तिचं नाव निघत नाही.

यावर मला काय ऐकावं लागेल ते माहीत आहे.

पहिलं उत्तर: "सत्ता नसेल तर पाणी कुठून आणणार? म्हणून आधी आघाडी." ठीक. सत्ता लागते, आघाडीही लागते. मग आघाडीच्या बोलणीत जागांच्या यादीसोबत पाण्याची यादी का नसते? सात जागा द्या म्हणता, तसं या चौदा-पंधरा गावांचे तलाव भरून द्या, हे लेखी का मागत नाही? आणि सत्ता मिळाली होती तेव्हा काय केलं? २०१९ ते २०२२ मध्ये सरकार तुमचंच होतं.

दुसरं उत्तर: "संविधानच धोक्यात आहे, आता तलाव कुठले काढता?" धोका मलाही दिसतो. पण संविधान वाचवायला माणसं लागतात. ज्या म्हाताऱ्याच्या प्रश्नावर तुम्ही हसलात, तो तुमच्यासाठी रस्त्यावर का येईल? त्याला संविधान म्हणजे काय ते भाषणातून कळणार नाही. तलावात पाणी आलं आणि त्यात त्याचा हक्काचा वाटा निघाला, तर कळेल.

तिसरं उत्तर सगळ्यात अवघड आहे, कारण ते माझ्याच मित्रांचं आहे: "तू जातीचा प्रश्न बाजूला सारतोस. पाणी-पाणी करणारे शेतकरी नेते शेवटी जमीनदार जातींचेच असतात." यात तथ्य आहे. हमीभाव मिळाला तरी तो ज्याच्याकडे जमीन आहे त्यालाच मिळतो. आमच्या भागात शेडनेटमध्ये बियाण्याचे प्लॉट असतात, मिरचीचे, टोमॅटोचे, काकडीचे. तिथे एकेक फूल हातानं क्रॉस करायचं काम बायका करतात, उन्हात, जाळीच्या आत. लॉट फेल झाला की शेतकऱ्याचे पैसे अडकतात आणि शेतकऱ्याकडून त्या बायकांचे. शेतकऱ्याबद्दल बोलणारे नेते या बायकांबद्दल बोलत नाहीत आणि जातीबद्दल बोलणारेही बोलत नाहीत. म्हणूनच मी नुसतं 'पाणी' म्हणत नाही, समन्यायी वाटप म्हणतो. भूमिहीन बाईचा हिस्सा काढल्याशिवाय जे पाणी येईल, त्याला चोखोबांचं नाव शोभणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही पुरोगामी पक्षाचा माणूस 'आमची नवी दिशा' सांगायला आमच्या तालुक्यात आला, तर मी त्याला आधी एवढंच विचारणार आहे.

खडकपूर्णेचं पाणी दरवर्षी कुठल्या गावाला किती मिळालं, किती पिण्याला, किती शेतीला, किती खाली सोडलं, याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला तुम्ही भाग पाडणार का? कोरडे तलाव भरण्याची तारीख लेखी घेणार का? २००५ च्या कायद्यानं आलेल्या पाणी वापर संस्था फक्त जमीनवाल्यांच्या आहेत, त्यात भूमिहीनांना बसवायला तुमचा पक्ष तयार आहे का? शेडनेटच्या मजुरीचा आणि बियाणे कराराचा कागद मराठीत, शेतकऱ्याच्या आणि बाईच्या हातात असावा, यासाठी तुम्ही एक दिवस तरी तहसीलसमोर बसणार का?

यातलं एकही उत्तर 'हो' नसेल, तर तुम्ही कोणासोबत आहात याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

आणि हे प्रश्न विचारायची जबाबदारी त्या म्हाताऱ्यावर टाकून चालणार नाही. हे मोबाईलवर वाचणाऱ्या तुमच्यावर आणि माझ्यावर ती आहे. आपण वाचलेली माणसं आहोत. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो आपल्याला, धरणाच्या साठ्याचे आकडे रोज मोबाईलवर बघता येतात, ग्रामसभेत उभं राहून दोन वाक्यं बोलता येतात. मी गेल्या महिन्यात पहिला अर्ज टाकलाय. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की त्यातले आकडे मोठ्या अक्षरांत छापून बसस्टँडसमोर लावणार आहे, माझ्या पैशानं. वरच्या ओळीत या वेळी एकच फोटो असेल, चोखोबांचा. खाली कुठलाही साहेब नसेल. गावांची नावं असतील आणि प्रत्येक नावापुढे, पाणी मिळालं की नाही ते.

'महापुरुष' फोल्डरमध्ये चोखोबांचा फोटो नव्हता, हे मला परवाच लक्षात आलं. आठ वर्षांत एकाही पक्षानं तो मागितला नव्हता.